हेडसेटच्या बॉक्सवर दोनदा छापलेला माणूस: हाइनरिश हर्ट्झ

मागच्या महिन्यात अहेरीहून भाच्याचा फोन आला. मामा, दोन हेडसेटचे फोटो पाठवलेत, बघून सांगा ना कोणता घेऊ. एका बॉक्सवर लिहिलेलं २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ, दुसऱ्यावर १० हर्ट्झ ते ४०,००० हर्ट्झ. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात पहिल्यावर २.४ गिगाहर्ट्झ डोंगल, दुसऱ्यावर नुसतं ब्लूटूथ. त्याचं मन ४०,००० वर बसलं होतं. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असा सरळ हिशोब.

पोराने सायबर कॅफेत लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देऊन तीन महिन्यांत हे पैसे जमवलेत. घरी पीसी आहे, आणि नागपूरला शिकणारा मोठा भाऊ सुट्टीत पीएस फाइव्ह घेऊन येतो. दोन्हीवर चालेल असा एकच हेडसेट हवाय. याआधी घेतलेला एक स्वस्त वायरलेस हेडसेट पीएसला जोडलाच गेला नाही, आणि परत पाठवायच्या कुरिअरच्या भानगडीत रिटर्नची मुदत संपून गेली. त्यामुळे या वेळी चुकून चालणार नव्हतं. मी त्याला म्हटलं, आधी त्या बॉक्सवर ज्याचं नाव दोनदा छापलंय त्या माणसाची गोष्ट ऐक. मग तुझं तुलाच कळेल.

हर्ट्झ हे एका माणसाचं आडनाव आहे. हाइनरिश हर्ट्झ. जन्म २२ फेब्रुवारी १८५७, जर्मनीतलं हॅम्बुर्ग. वडील वकील, घर खाऊन-पिऊन सुखी. मुलगा हुशार, भाषांची आवड इतकी की अरबी शिकला. पण मला त्याची दुसरी आवड जास्त महत्त्वाची वाटते. त्याला लहानपणापासून सुतारकामाचा आणि लेथ मशीनचा नाद होता. घरी स्वतःचं कामाचं टेबल, रविवारी तांत्रिक चित्रकलेच्या शाळेत हजेरी. तो प्रोफेसर झाल्याचं कळल्यावर त्याचे लेथ शिकवणारे गुरुजी हळहळले म्हणे, की केवढा चांगला कारागीर वाया गेला! पुढे जगाला न दिसलेली गोष्ट त्याला दिसली, त्यात या हातांचा वाटा मोठा आहे.

आधी त्याला इंजिनिअर व्हायचं होतं. फ्रँकफुर्ट, ड्रेस्डेन, मध्ये एक वर्ष सैन्यातली सेवा, आणि मग म्युनिकला आल्यावर त्याने ठरवलं की इंजिनिअरिंग नको, भौतिकशास्त्रच. १८७८ मध्ये तो बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्याकडे गेला. ते त्या काळचे जर्मनीतले मोठे शास्त्रज्ञ. १८७९ मध्ये बर्लिनच्या विज्ञान अकादमीने एक बक्षिसाचा प्रश्न जाहीर केला. स्कॉटलंडच्या मॅक्सवेलने कागदावर मांडलेला विजेचा आणि चुंबकाचा सिद्धांत प्रयोगाने तपासायचा, हा त्यामागचा हेतू. हेल्महोल्ट्झना वाटलं की आपला हा विद्यार्थी ते करेल. हर्ट्झने गणित मांडून पाहिलं आणि नकार दिला. हाताशी असलेल्या साधनांनी एवढा बारीक परिणाम दिसणारच नाही, असं त्याचं मत झालं. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. १८८० मध्ये डॉक्टरेट, तीन वर्षं हेल्महोल्ट्झचा मदतनीस, मग कील विद्यापीठ. तिथे धड प्रयोगशाळाच नव्हती. १८८५ मध्ये तो कार्ल्सरूहच्या तांत्रिक संस्थेत प्रोफेसर झाला, आणि तिथे त्याला हवी तशी जागा मिळाली. पुढच्याच वर्षी तिथल्याच एका शिक्षकाच्या मुलीशी, एलिझाबेथ डोलशी, लग्न झालं.

लग्नानंतर काही महिन्यांतच, १८८६ च्या शरद ऋतूत, त्याच्या लक्षात आलं की एका तारेच्या वेटोळ्यात ठिणगी पाडली की शेजारच्या, कुठेही न जोडलेल्या वेटोळ्यातही बारीक ठिणगी पडते. दुसरा कोणी असता तर उपकरणात दोष आहे म्हणून सोडून दिलं असतं. हर्ट्झ त्याच ठिणगीच्या मागे लागला. त्याने एक सरळ तार घेतली, मधोमध छोटी फट ठेवली, दोन टोकांना जस्ताचे गोळे लावले. हा झाला ट्रान्समीटर. रिसीव्हर म्हणजे तारेची एक कडी, तिलाही सूक्ष्म फट. बॅटरी नाही, काही नाही. लांब ठेवलेल्या त्या कडीच्या फटीत ठिणगी दिसली म्हणजे हवेतून काहीतरी येऊन पोचलं. ही ठिणगी मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी असायची. ती बघायला अंधारात डोळे सरावेपर्यंत बसून राहावं लागे.

प्रयोगासाठी त्याने कॉलेजचं लेक्चर हॉल घेतलं. १५ मीटर लांब, १४ मीटर रुंद. पण आत लोखंडी खांबांच्या दोन रांगा, आणि त्या लाटांना भिंतीसारख्या अडवायच्या. त्याने मधला मोकळा पट्टा तेवढा वापरला आणि तिथले लोंबते गॅसचे पाइप व झुंबरं काढून टाकली. समोरच्या भिंतीवर ४ मीटर बाय २ मीटरचा जस्ताचा पत्रा लावला. लाट पत्र्यावर आपटून परत यायची आणि जाणाऱ्या लाटेत मिसळायची. कडी हातात घेऊन पुढे-मागे सरकलं की कुठे ठिणगी जोरात, कुठे अजिबात नाही. त्या जागांमधलं अंतर मोजलं की लाटेची लांबी मिळाली. १८८८ मध्ये मॅक्सवेलचा कागदावरचा सिद्धांत असा हॉलमध्ये मोजला गेला. मॅक्सवेल मात्र १८७९ मध्येच वारला होता.

त्याच वर्षाच्या शेवटी त्याने केलेला प्रयोग गेमिंग करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. त्याने छोटा ट्रान्समीटर बनवला, ६६ सेंटिमीटरची लाट सोडणारा. आजच्या भाषेत साधारण ४५० मेगाहर्ट्झ. जस्ताच्या पत्र्याचे दोन मीटर उंच बाकदार आरसे केले. एका आरशातून लाट सोडायची, दुसऱ्याने पकडायची. (आपल्या ताडोबा-ब्रह्मपुरीच्या जंगलात रेडिओ कॉलर लावलेल्या वाघाचा माग काढणारे लोक हातातला अँटेना या दिशेला, त्या दिशेला फिरवत बीप ऐकतात ना, तीच ही युक्ती. लाट कोणत्या दिशेने येते हे हर्ट्झने आरसा फिरवूनच पाहिलं.) डांबराचा सुमारे ६०० किलोचा एक प्रिझम ओतून घेतला आणि लाट प्रकाशासारखीच वाकते हे दाखवलं. मग आडकाठ्या तपासल्या. लाकडी दार बंद केलं, तरी पलीकडच्या खोलीत ठिणगी पडत होती. धातूचा पत्रा मध्ये धरला, ठिणगी बंद. मदतनीस लाटेच्या वाटेतून चालत गेला की तो मध्ये असेपर्यंत ठिणगी बंद, पुढे गेला की परत सुरू.

आता तुमचं टेबल आठवा. डोंगल पीसीच्या मागच्या पोर्टमध्ये, म्हणजे पत्र्याच्या कॅबिनेटच्या आड. पीसी टेबलाखाली, मध्ये तुमचे पाय. तुम्ही खुर्ची वळवली की आवाज तुटतो आणि तुम्ही कंपनीला शिव्या देता. तुमच्या डोंगलची लाट १२.५ सेंटिमीटरची, हर्ट्झच्या लाटेपेक्षाही आखूड. तिला माणसाच्या अंगाची सावली आणखी गडद पडते. उपाय म्हणजे शे-दीडशे रुपयांची यूएसबी एक्स्टेंशन केबल. डोंगल टेबलावर, डोक्याच्या समोर आणा. शेजारच्या पोर्टमध्ये यूएसबी ३ ची हार्ड डिस्क असेल तर तीही दूर करा, तिचा खरखराट याच पट्ट्यात पडतो. वाय-फाय राउटरला ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर मोबाइल-लॅपटॉप तिकडे न्या. चांगला हेडसेट खराब म्हणून बदलायला निघालेल्या कितीतरी लोकांचं काम एवढ्यावर भागतं.

मूळ प्रश्न राहिलाच, ४०,००० चा. त्याचंही उत्तर हर्ट्झच्या आयुष्यात आहे, फक्त उलट्या बाजूने. १८८९ मध्ये एका इंजिनिअरने त्याला पत्र लिहून विचारलं की तुमच्या या लाटांवरून टेलिफोनसारखा आवाज पाठवता येईल का. हर्ट्झने नाही म्हणून कळवलं. त्याचा हिशोब असा होता: आवाजाची कंपनं सेकंदाला हजाराच्या आसपास. एवढ्या संथ कंपनांची विद्युत लाट ३०० किलोमीटर लांब होईल, आणि ती वळवायला आरसा खंडाएवढा लागेल. गणित अगदी बरोबर होतं. चुकलं ते एवढंच, की आवाजाची कंपनं थेट लाट म्हणून सोडायची गरजच नसते. एक वेगवान लाट घ्यायची आणि आवाज तिच्यावर लादून पाठवायचा. बैलगाडी आणि तिच्यावरचा माल वेगळा. ज्याने गाडी शोधली त्याला तिच्यावर हा माल लादता येईल हे सुचलं नाही.

तुमच्या बॉक्सवरच्या दोन ओळी म्हणजे हाच माल आणि हीच गाडी. २० ते २०,००० हर्ट्झ हा माल: कानापर्यंत पोचणारा आवाज. माणसाचा कान तरुणपणी फार तर २०,००० पर्यंत ऐकतो, वय वाढलं की त्याहून कमी. ४०,००० वटवाघळाच्या कामाचे. शिवाय त्या टोकाला आवाज किती जोरात येतो हे बॉक्सवर लिहिलेलं नसतं, त्यामुळे ती ओळ वाचून हेडसेट निवडू नका. २.४ गिगाहर्ट्झ ही गाडी, आणि खरी निवड इथे आहे.

गंमत म्हणजे ब्लूटूथसुद्धा २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतं. रस्ता तोच, गाडी हाकायची पद्धत वेगळी. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान केला जातो, साठवला जातो, मग उघडला जातो. यात सहज १५० ते २०० मिलिसेकंद जातात. गाण्याला फरक पडत नाही. पण सेकंदाला ६० फ्रेम चालणाऱ्या गेममध्ये २०० मिलिसेकंद म्हणजे १२ फ्रेम. गोळी लागून गेल्यावर आवाज येतो. वर माइक चालू केला की बहुतेक पीसीवर ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं आणि गेमचा आवाज जुन्या फोनसारखा होतो. स्वतःचं डोंगल असलेले हेडसेट हेच काम साधारण २० ते ४० मिलिसेकंदांत करतात.

आणि कन्सोल? पीएस फाइव्ह साधा ब्लूटूथ हेडसेट घेतच नाही. भाच्याचा पहिला हेडसेट इथेच अडला होता. पीएससाठीचं यूएसबी डोंगल बहुधा पीसीवर बिनबोभाट चालतं. एक्सबॉक्स मात्र सोवळ्यातला. त्याची स्वतःची रेडिओ पद्धत आहे, म्हणून बॉक्सवर एक्सबॉक्सचं नाव स्पष्ट असेल तरच घ्या. पीएसचं डोंगल तिथे लावून उपयोग नाही. पहिल्या स्विचला सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून ब्लूटूथवर आवाज मिळतो, पण माइक नाही. डोंगल हरवलं तर बहुतेक वेळा हेडसेटची किंमत शून्य, तेव्हा ३.५ मिलिमीटरचा जॅकही असलेला बघा. कंट्रोलरला वायर लावून निदान खेळता तरी येतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून मी रेक्झिनच्या गादीऐवजी कापडी गादी सुचवतो. रेक्झिन घामाने दोन उन्हाळ्यांत सोलपटतं.

हर्ट्झकडे परत येतो. १८८९ मध्ये तो बॉनला प्रोफेसर झाला, पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला रम्फर्ड पदक दिलं. १८९२ मध्ये दुखणं सुरू झालं. भयंकर डोकेदुखी, मग नाक, कान, जबडा. ऑपरेशनं झाली, मध्ये बरं वाटलं, परत बिघडलं. त्या दुखण्यातच तो यंत्रशास्त्रावरचं पुस्तक लिहीत राहिला. १ जानेवारी १८९४ रोजी तो गेला. वय ३६. पुस्तक नंतर छापून आलं. मागे एलिझाबेथ आणि दोन लहान मुली, योहाना आणि मथिल्डे.

त्याच वर्षी त्याच्यावरचे लेख आणि व्याख्यानं वाचून दोन माणसं कामाला लागली. इटलीत मार्कोनी आणि कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस. बोसांनी लाट आणखी आखूड करत पाच मिलिमीटरपर्यंत नेली. आवाज लादण्याची युक्ती इतरांनी शोधली. त्यातलं काहीच बघायला हर्ट्झ नव्हता.

नाझी आले तेव्हा त्याच्या वडिलांकडचं कुटुंब मुळात ज्यू होतं हे उकरून काढलं गेलं. घराणं पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेलं, तरी हॅम्बुर्गच्या टाउन हॉलमधलं त्याचं चित्र उतरवलं गेलं. म्हातारी एलिझाबेथ दोन्ही मुलींसह जर्मनी सोडून इंग्लंडला, केंब्रिजला गेली. त्याच्या आधीच, १९३० मध्ये, आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाने सेकंदाला एक कंपन या एककाला हर्ट्झ नाव दिलं होतं. १९६० मध्ये वजन-मापांच्या जागतिक परिषदेनेही ते स्वीकारलं. माझ्या आजोबांच्या रेडिओवर तरीही किलोसायकलच लिहिलेलं होतं, जुनं नाव सहजासहजी गेलं नाही.

भाच्याने शेवटी २०,००० वाला घेतला, डोंगलचा. बॉक्सवर पीसी आणि पीएस दोन्ही लिहिलंय हे त्याने दुकानदाराकडून दोनदा वाचून घेतलं. परवा त्याचा परत फोन आला. आवाज मधूनमधून तुटतोय म्हणे. मी विचारलं, डोंगल कुठे लावलंयस? कॅबिनेटच्या मागे, मामा.