हार्मोनियमचे थोर साधक : कै. गोविंदराव टेंबे

देवळाच्या सभामंडपात उत्सवाच्या रात्री गायन-वादनाचा कार्यक्रम सुरू होतो तेव्हा सर्वांचे लक्ष गायकाकडे लागलेले असते. गायकाच्या बाजूस, किंचित मागे सरून, पेटी घेऊन बसलेल्या गृहस्थाकडे फारसे कोणी पाहत नाही. त्याचे नाव निमंत्रणपत्रिकेत असते, पण बारीक अक्षरात. बिदागी गायकाच्या मानाने थोडी, जाग्रण मात्र तेवढेच. कीर्तन असो, भजन असो, नाटक असो वा खासगी बैठक, त्याच्या बोटांवाचून कोणाचे अडल्याशिवाय राहत नाही. आणि तरीही श्रोत्यांच्या स्मरणात तो क्वचितच उरतो. या उपेक्षित कलेला ज्या पुरुषाने आपल्या कर्तृत्वाने मानाचे आसन मिळवून दिले, त्या कै. गोविंद सदाशिव टेंबे यांचे चरित्र म्हणूनच सर्व संगीतप्रेमी जनांनी आठवावे असे आहे.

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी झाला. त्यांचे बालपण आणि तारुण्य करवीरनगरीच्या सान्निध्यात गेले. श्री अंबाबाईच्या त्या नगरीत त्या काळी छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने मल्लविद्या, चित्रकला, नाटक आणि गायन या सर्व कला बहरल्या होत्या. १८९५ च्या सुमारास गायनसम्राट अल्लादियाखाँ यांचे कोल्हापूर दरबारी आगमन झाले आणि खयाल गायकीची गंगाच जणू त्या गावात उतरली. अशा वातावरणात वाढलेल्या बुद्धिमान मुलाला सुरांचे वेड लागले तर त्यात नवल ते काय?

परंतु या मुलाने जे वाद्य हाती धरले ते विद्वानांच्या दृष्टीने परके होते. हार्मोनियमचा जन्म पॅरिसचा. आलेक्सांद्र दबँ या फ्रेंच कारागिराने १८४० च्या सुमारास ती सिद्ध केली. धातूच्या लहान जिव्हांवर भात्यातील वारा सोडून स्वर काढावयाचे, ही तिची रचना. युरोपात ती प्रार्थनामंदिरांत आणि घराघरांत पायाने वाजविली जाई. आपल्या देशात आल्यावर कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून बसणाऱ्या वादकाच्या सोयीचे रूप दिले : डावा हात भात्यावर, उजवा स्वरपट्ट्यांवर. सारंगीस लागणारी दीर्घ तपश्चर्या आणि वारंवार तारा जुळविण्याची दगदग हिला नव्हती. प्रवासात ती सहज नेता येई. त्यामुळे कीर्तनकार आणि नाटकमंडळ्या यांनी तिला पाहता पाहता आपलेसे केले.

या वाद्याचा गुरू असा गोविंदरावांना लाभला नाही. त्यांनी ते स्वतःच्या कानाने आणि स्वतःच्या बोटांनी शिकून घेतले. नाटकातील पदे ऐकावी, घरी येऊन ती पेटीवर काढावी, बैठकीत ऐकलेली तान पुन्हा पुन्हा घोटावी, असा त्यांचा अभ्यासक्रम होता. हा मार्ग दिसावयास सोपा, पण पुष्कळांना तो अर्ध्यावरच सोडतो. कारण ऐकलेले वाजविता आले म्हणजे विद्या आली असा भ्रम होतो. गोविंदरावांना तो भ्रम झाला नाही. गायकी समजल्यावाचून पेटी बोलणार नाही हे त्यांनी ओळखले.

याच काळात त्यांना भास्करबुवा बखले यांचा सहवास लाभला. भास्करबुवांनी बडोद्याचे फैज महंमदखाँ, आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि पुढे अल्लादियाखाँ अशा तीन थोर उस्तादांची विद्या एका कंठात साठविली होती. गोविंदराव त्यांच्या मैफलींत पेटीची साथ करू लागले आणि साथ करता करताच शिष्य बनले. साथीदाराचे शिक्षण खरोखर असेच होते. गायकाने स्वर निवडावा, मग तो काळी एक असो की पांढरी चार, आणि साथीदाराने त्या स्वराला षड्ज मानून क्षणात सारा राग नव्या पट्ट्यांवर मांडावा लागतो. गायक कोणत्या वळणाने जाणार हे आधी कळत नाही. तो गेल्यावर त्याच्या पाउलखुणांवरून जावयाचे, पण अंतर पडू द्यावयाचे नाही. त्याने श्वास घेतला की ती जागा भरावयाची. तो पुन्हा उठला की तत्काळ मागे सरावयाचे. अधिक वाजविले तर गायकाचा रसभंग, कमी वाजविले तर त्याचा आधार तुटतो. बुद्धीची तीव्रता आणि अहंकाराचा संयम यांचा असा मेळ इतर फारच थोड्या व्यवसायांत लागत असेल. भास्करबुवांसारख्या चतुरस्र गवयाच्या शेजारी बसून गोविंदरावांनी ही विद्या पूर्णत्वास नेली आणि त्याबरोबरच एकट्या पेटीवर संपूर्ण मैफल रंगविण्याचे सामर्थ्यही मिळविले. स्वतंत्र पेटीवादन ऐकण्यासाठी जाणकार श्रोते मुद्दाम बसू लागले, ही गोष्ट त्या काळी अपूर्व होती.

किर्लोस्कर नाटक मंडळीशी त्यांचा संबंध आला आणि मराठी रंगभूमीच्या इतिहासाला वळण लागले. नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमान’ नाटकाच्या पदांना चाली देण्याचे काम गोविंदरावांकडे आले. तोपर्यंत नाट्यपदांच्या चाली बहुशः कीर्तनातील साक्या-दिंड्या, कर्नाटकी वळणाची पदे आणि लोकप्रिय गीते यांवर बेतलेल्या असत. गोविंदरावांनी उत्तर हिंदुस्थानातील ठुमरी, दादरा, कजरी अशा पूरब बाजाच्या चिजांचे भांडार उघडले आणि त्यांतील लडिवाळपणा मराठी शब्दांत उतरविला. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या तान्ह्या कन्येचे निधन झाले होते. तरीही जमलेल्या प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून त्यांनी दुःख गिळून भामिनीची भूमिका केली. त्या रात्रीपासून ‘मानापमान’ची पदे महाराष्ट्राच्या घरोघरी गेली. पुढे ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून केलेला ‘संयुक्त मानापमान’ तर दंतकथेसारखा झाला. पदे गाणारे दोन्ही नट अमर झाले; त्या पदांना सूर देणारे बोट पेटीवाल्याचे होते, हे मात्र विसरता कामा नये.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव या तिघांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. या भागीदारीत गोविंदराव फार काळ राहिले नाहीत. त्यांनी पुढे स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली, नट म्हणून रंगभूमीवर उभे राहिले आणि ‘पटवर्धन’, ‘तुलसीदास’ यांसारखी नाटकेही लिहिली. नाटकमंडळी चालविणे म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणे. आज एक गाव, महिन्याने दुसरे. पडदे, पेट्या, आचारी, मुलेबाळे सारी बरोबर. उत्पन्न एका रात्रीच्या पावसावर अवलंबून. कलावंताचा पिंड असलेल्या माणसाला हा व्यवहार मानवतोच असे नाही. शिवराज मंडळीही दीर्घायुषी ठरली नाही. परंतु ज्याच्या हाती वाद्य आहे त्याचे सर्वस्व कधीच जात नाही. गोविंदराव पुन्हा आपल्या सुरांकडे वळले.

बोलपटाचे युग आले तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने १९३२ मध्ये व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट प्रदर्शित केला. त्यात हरिश्चंद्राची भूमिका गोविंदरावांची, तारामती दुर्गाबाई खोटे, आणि संगीतही गोविंदरावांचेच. त्या काळी चित्र आणि ध्वनी एकदमच मुद्रित होत. नटाने अभिनय करता करताच गावयाचे आणि वादकांनी कॅमेऱ्याच्या दृष्टीआड बसून साथ करावयाची, अशी कसरत असे. त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्येही त्यांनी भूमिका आणि संगीत अशी दुहेरी जबाबदारी पेलली.

त्यांच्या उत्तरायुष्यात मात्र त्यांच्या वाद्यावर मोठे संकट कोसळले. हार्मोनियमचे बारा स्वर कारखान्यातच कायम झालेले. त्यांवर श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत, की एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेता येत नाही. हा आक्षेप जुनाच होता आणि रवींद्रनाथांसारख्या थोरांचेही मत या वाद्याला प्रतिकूल होते. अखेर मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला आपल्या केंद्रांचे दार बंद केले. ज्यांचा चरितार्थ पेटीवर होता अशा असंख्य वादकांना हा जबर धक्का होता. या आक्षेपात तथ्य होते. पण त्याला खरे उत्तर वादाने मिळणारे नव्हते. ते गोविंदरावांच्या बोटांनी कधीच दिलेले होते. तुटक स्वर अशा हलक्या स्पर्शाने आणि भात्याच्या अशा जपणुकीने एकमेकांत गुंफावयाचे की श्रोत्याच्या कानाला मींडेचा भास व्हावा, ही त्यांची किमया होती.

लेखणीवरही त्यांचे तसेच प्रभुत्व होते. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ ही आत्मपर पुस्तके, तसेच अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्र, यांमुळे त्या पिढीच्या गवयांचा स्वभाव, त्यांची विद्या आणि त्यांच्या मैफली अक्षररूपाने उरल्या. जे साथीदार म्हणून जवळून ऐकले, ते त्यांनी ग्रंथकार म्हणून पुढच्यांच्या हवाली केले.

९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदरावांचे निधन झाले. आकाशवाणीची बंदी त्या वेळी कायम होती. ती काही अंशी उठण्यास १९७१ साल उजाडावे लागले. हा न्याय पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. परंतु त्यांनी लावलेला वेल सुकला नाही. पी. मधुकर यांनी स्वतंत्र पेटीवादनाला आणखी वैभव आणले आणि त्यांचे शिष्य, आपल्या गोमंतकातील बोरी गावचे सुपुत्र पंडित तुळशीदास बोरकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले. २०१८ मध्ये बोरकरही दिवंगत झाले. एके काळी परके ठरविलेले वाद्य असे राष्ट्रीय सन्मानापर्यंत पोहोचले.

आपल्या देवस्थानांच्या उत्सवांतून पिढ्यान्पिढ्या कोणी ना कोणी पेटीवर बसत आला आहे. आरतीला, भजनाला, जत्रेच्या नाटकाला त्याने सूर दिला आणि पहाटे पेटीचे झाकण लावून तो घरी गेला. गोविंदराव टेंबे यांचे चरित्र वाचताना त्या सर्वांचे ऋण मनात यावे, आणि येत्या उत्सवात गायकाबरोबरच त्याच्या बाजूस बसलेल्या साथीदारालाही श्रीफळ आणि शाल देऊन त्याचा यथोचित मान राखला जावा, हेच या थोर कलावंताचे खरे स्मरण ठरेल.