काचेवर काढलेले दार

मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो हिचे नाव घेतले, की जुळलेल्या भुवयांचा, केसांत फुले माळलेला आणि पाहणाऱ्याच्या नजरेला थेट नजर भिडवणारा एक चेहरा डोळ्यांसमोर उभा राहतो. तिच्या चित्रांपैकी सुमारे एक तृतीयांश चित्रे तिची स्वतःचीच आहेत. एखाद्या कलावंताने पुन्हा पुन्हा स्वतःलाच का रंगवावे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा तिच्या तरुणपणातील भीषण अपघातात शोधले जाते. स्वतः फ्रिडाने मात्र आपल्या सर्वांत गाजलेल्या चित्राचे मूळ त्याहून बरेच मागे, वयाच्या सहाव्या वर्षी भेटलेल्या एका मैत्रिणीत असल्याचे लिहून ठेवले आहे. ही मैत्रीण तिच्याखेरीज कोणालाच कधी दिसली नाही.

फ्रिडाचा जन्म ६ जुलै १९०७ रोजी मेक्सिको शहराजवळच्या कोयोआकान येथे झाला. वडील गिलेर्मो काहलो मूळचे जर्मन. तरुणपणीच ते मेक्सिकोत आले आणि छायाचित्रकार म्हणून नावारूपाला आले. देशातील जुन्या वास्तूंची छायाचित्रे टिपण्याचे सरकारी काम त्यांच्याकडे होते. १९१० मध्ये मेक्सिकोत क्रांतीचा भडका उडाला, जुनी राजवट कोसळली आणि तिच्याबरोबर ही कामेही गेली. घरात पैशांची ओढाताण सुरू झाली. आई मातिल्दे करारी आणि अत्यंत धार्मिक वृत्तीची. फ्रिडा जेमतेम अकरा महिन्यांची असताना धाकटी बहीण क्रिस्तिना जन्मली आणि फ्रिडाला दूध पाजण्यासाठी एक दाई ठेवावी लागली. घर माणसांनी भरलेले होते, बहिणी होत्या. तरीही ही मुलगी त्या घरात एकटी होती.

१९१३ मध्ये सहा वर्षांच्या फ्रिडाला पोलिओ झाला. सुमारे नऊ महिने तिला अंथरुणावर काढावे लागले. ती उठली तेव्हा तिचा उजवा पाय बारीक आणि थोडा आखूड झाला होता. तो लपवण्यासाठी ती एकावर एक मोजे चढवी, उंच टाचेचा बूट घाली. पण मुलांच्या नजरेतून काय सुटते? लाकडी पायाची म्हणून तिला चिडवले जाऊ लागले. वडिलांनी मात्र तिची जिद्द ओळखली. त्यांनी तिला पोहायला, सायकल चालवायला, इतकेच काय, कुस्ती खेळायलाही प्रोत्साहन दिले. त्या काळात मुलींच्या बाबतीत ही गोष्ट दुर्मीळच होती. वडिलांना अपस्माराचे झटके येत. त्यांच्याबरोबर बाहेर पडली, की झटक्याच्या वेळी त्यांची आणि त्यांच्या कॅमेऱ्याची काळजी घेणे हे त्या लहानगीचे काम असे. बापलेकीला जवळ आणणारा धागा आजारपणाचाही होता.

याच वयात तिला ती मैत्रीण भेटली. फ्रिडाच्या खोलीची खिडकी अलेंदे रस्त्यावर उघडत असे. खिडकीच्या खालच्या काचेवर ती तोंडाची वाफ सोडी आणि त्या धूसर काचेवर बोटाने एक दार काढी. कल्पनेत ते दार उघडून ती आनंदाने, घाईघाईने बाहेर पडे, समोरचे मोकळे मैदान ओलांडी आणि ‘पिन्सोन’ नावाच्या डेअरीपाशी पोहोचे. त्या नावातल्या ‘ओ’ या गोल रोमन अक्षरातून ती आत शिरे आणि थेट पृथ्वीच्या पोटात उतरे. तिथे तिची मैत्रीण नेहमीच वाट पाहत असे. तिचे रूप, तिचा रंग फ्रिडाला पुढे आठवला नाही. आठवले ते इतकेच, की ती आनंदी होती, खूप हसे, पण तिच्या हसण्याला आवाज नसे. आणि अंगाला जणू भारच नसावा अशी ती नाचे. तिच्या हालचालींचे अनुकरण करत फ्रिडाही नाचे आणि नाचता नाचता आपली गुपिते, आपली दुःखे तिला सांगे. परत आल्यावर ती काचेवरचे दार हाताने पुसून टाकी आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या एका झाडाखाली जाऊन एकटीच हसत बसे.

लहान मुलांनी असे काल्पनिक सोबती निर्माण करणे हे आजारपणाचे लक्षण नाही, असे आजचे मानसशास्त्र सांगते. फ्रिडाच्या बाबतीत लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. जिचा पाय लंगडत होता, तिची मैत्रीण भाररहित होऊन नाचत होती. या मुलीने स्वतःसाठी दुसरी फ्रिडाच घडवली होती.

१९२२ मध्ये फ्रिडाने राजधानीतील नामांकित राष्ट्रीय प्रशालेत प्रवेश मिळवला. सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांत मुली होत्या अवघ्या ३५. तिला डॉक्टर व्हायचे होते. १७ सप्टेंबर १९२५ रोजी ती ज्या बसमधून घरी निघाली होती, तिला ट्रामने धडक दिली. लोखंडी दांडा तिच्या शरीरातून आरपार गेला, पाठीचा कणा मोडला, आधीच अधू असलेल्या उजव्या पायाची हाडे अनेक ठिकाणी तुटली. अठरा वर्षांची फ्रिडा पुन्हा एकदा अंथरुणाला खिळली. आईने तिच्यासाठी झोपून चित्रे काढता येतील असे खास ईझल करवून घेतले, पलंगाच्या छतावर आरसा बसवला. लहानपणी खिडकीची काच होती. आता आरशाची काच आली. त्या काचेत जी दिसली, तिला फ्रिडा रंगवू लागली.

१९२९ मध्ये तिने प्रख्यात भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेराशी विवाह केला. तो ४२ वर्षांचा, ती २२ वर्षांची. प्रेम उत्कट होते, पण दिएगो एकनिष्ठ नव्हता. अपघाताने जायबंदी झालेल्या शरीराने तिला मातृत्वही नाकारले. १९३२ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे तिचा गर्भपात झाला. पुढे सख्खी बहीण क्रिस्तिना आणि दिएगो यांचे संबंध उघड झाले, तेव्हा तिला दुहेरी घाव बसला. १९३८ मध्ये न्यूयॉर्कला आणि १९३९ मध्ये पॅरिसला तिची चित्रे झळकली. पण त्याच वर्षी तिचा संसार मोडला, घटस्फोट झाला.

‘दोन फ्रिडा’ हे चित्र त्याच वर्षाचे. सुमारे पावणेदोन मीटर लांबी-रुंदीचा हा कॅनव्हास तिच्या सर्वांत मोठ्या चित्रांपैकी एक आहे. वादळी आकाशाखाली दोन फ्रिडा शेजारी शेजारी बसल्या आहेत. एकीच्या अंगावर युरोपीय धाटणीचा पांढरा पोशाख, दुसरीच्या अंगावर मेक्सिकोच्या तेवाना स्त्रियांचा वेश. दोघींची हृदये उघडी आहेत आणि एकाच रक्तवाहिनीने जोडलेली आहेत. पांढऱ्या पोशाखातील फ्रिडा चिमट्याने रक्त थांबवू पाहते, तरी ते तिच्या झग्यावर ठिबकतेच. या दोघींनी एकमेकींचा हात मात्र घट्ट धरला आहे.

हे चित्र सामान्यतः घटस्फोटाच्या वेदनेशी जोडले जाते आणि ते चुकीचेही नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४० मध्ये, फ्रिडा आणि दिएगोने पुन्हा लग्न केले. पण चाळीसच्या दशकात सुरू केलेल्या रोजनिशीत तिने काचेवरच्या दाराची हकिगत लिहिली, तेव्हा ती या चित्राच्या उगमाची कथा म्हणूनच नोंदवली. ती मैत्री अनुभवून ३४ वर्षे लोटली असली, तरी जेव्हा जेव्हा ती आठवते, तेव्हा ती आपल्या अंतरंगात अधिकच जिवंत होते, अशा आशयाची कबुलीही तिथे आहे. ही रोजनिशी १९९५ मध्ये प्रकाशित झाली.

अखेरची वर्षे यातनांची होती. १९५० मध्ये पाठीच्या कण्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. एप्रिल १९५३ मध्ये मायदेशात तिचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले, त्याला ती रुग्णवाहिकेतून गेली आणि दालनात मांडलेल्या पलंगावर पडून राहून पाहुण्यांना भेटली. त्याच वर्षी पोलिओने अधू केलेला उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. १३ जुलै १९५४ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, ज्या घरात ती वाढली त्याच निळ्या भिंतींच्या घरात तिने अखेरचा श्वास घेतला.

१९५८ मध्ये या घराचे संग्रहालय झाले आणि जगभरातील लोक तिथे येऊ लागले. तिचे पलंग, तिचे ईझल, पाठीला आधार देणारे तिचे पट्टे पाहून ते हळहळतात. पण सहा वर्षांच्या मुलीने वाफेवर काढलेले दार तिथे मांडता येत नाही. ते ती स्वतःच रोज पुसून टाकत असे. त्या दारापलीकडची मैत्रीण मात्र ‘दोन फ्रिडा’मध्ये, मेक्सिको शहरातील आधुनिक कला संग्रहालयाच्या मालकीच्या त्या चित्रात, आजही तिचा हात धरून बसली आहे.