मगरींच्या नदीत एकटाच

पोरगा नुसती चित्रं काढत बसतो, पोटापाण्याचं काय? अडीचशे वर्षांपूर्वी फिलाडेल्फियाच्या जॉन बार्ट्राम यांना हीच काळजी होती. ते स्वतः नावाजलेले वनस्पतितज्ज्ञ. मुलगा विल्यम, जन्म १७३९चा. त्याला व्यापारात घातलं, व्यापार बुडाला. १७६६मध्ये फ्लोरिडात सेंट जॉन्स नदीकाठी भाताचा आणि निळीचा मळा थाटून दिला, राबायला गुलामही दिले. तोही लवकरच मोडला. डोक्यावर कर्ज राहिलं.

पण त्याची चित्रं लंडनच्या डॉ. जॉन फॉदरगिल यांना आवडली होती. वर्षाला ५० पौंड देऊन त्यांनी त्याला अमेरिकेच्या दक्षिणेत पाठवलं. झाडं, बिया आणि चित्रं पाठवायची, एवढंच काम. १७७४मध्ये पस्तिशीचा विल्यम त्याच नदीवर परतला, जिथे त्याचा मळा बुडाला होता!

या वेळी छोटी होडी होती आणि तो एकटा. संध्याकाळी जेवणासाठी मासे धरायला निघाला. बंदूक पाण्यात पडेल म्हणून ती काठावरच ठेवली, हातात फक्त सोटा. अ‍ॅलिगेटर मगरींनी होडीला घेरलं, ती उलटायचीच बाकी होती. सोटे हाणत तो कसाबसा काठाला लागला. मासे साफ करायला बसला तर एक मगर तिथेही आली आणि शेपटीच्या फटक्याने काही मासे घेऊन गेली. असल्या रात्रीनंतर आपण परतीची वाट धरली असती. हा पुढे गेला, मगरीची घरटी बघायला. आई पिल्लांना सांभाळते हे त्याने टिपलं. अंड्यांचा आकडा मात्र चांगलाच फुगवला.

पाण्यात बुडून फक्त मान वर काढणारा, दुरून सापच वाटणारा अ‍ॅनहिंगा त्याने निरखला. आपल्या तलावांवरच्या तिरंदाज पक्ष्याचा हा भाऊबंद. अलाचुआच्या पाणथळ माळावर सँडहिल क्रेन दिसले. तिथल्या सेमिनोल लोकांच्या प्रमुखाने त्याचं नावच ठेवलं, पक-पगी, म्हणजे फुलं शोधणारा. त्याआधी, १७६५मध्ये, याच प्रदेशात त्याने एक रॅटलस्नेक मारला होता. सापाला त्याला चावता आलं असतं, तरी तो चावला नाही, हे नंतर लक्षात आलं आणि तो खजील झाला.

१७९१मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापलं गेलं. मगरींच्या नाकपुड्यांतून वाफ निघते वगैरे वाचून अनेकांना ती थाप वाटली. तिकडे इंग्लंडात कवी कोलरिज ते पुस्तक मन लावून वाचत होता. पुस्तकात २१५ पक्ष्यांची यादी आहे. त्यातलं एक रंगीत गिधाड खरंच होतं का, यावर पक्षीतज्ज्ञ अजून भांडतात.

मोठी नोकरी त्याने कधीच धरली नाही. विद्यापीठाने वनस्पतिशास्त्राचं प्राध्यापकपद देऊ केलं, ते नाकारलं. वडिलांच्या बागेत राहिला आणि अलेक्झांडर विल्सन नावाच्या शाळामास्तराला पक्षी ओळखायला, काढायला शिकवलं. त्या मास्तराने पुढे अमेरिकेच्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ केला. विल्यम १८२३मध्ये त्याच बागेत वारला. अलाचुआचा तो माळ आता राखीव आहे. मगरी तिथे अजूनही काठावर ऊन खात पडलेल्या असतात.