जिम व्हॅल्व्हानो

जेम्स थॉमस अँथनी व्हॅल्व्हानो (१० मार्च, १९४६ - २८ एप्रिल, १९९३) हे अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचे प्रशिक्षक व क्रीडासमालोचक होते. क्रीडारसिकांत ते जिमी व्ही या नावाने ओळखले जात. त्यांच्या मार्गदर्शनाखाली नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संघाने १९८३ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. खेळाडूंच्या मनात जिद्द निर्माण करण्याचे त्यांचे सामर्थ्य असामान्य मानले जाते. हे यश केवळ जिद्दीचे होते की डावपेचांचे, आणि मैदानावर दिसलेली तळमळ खेळाडूंच्या अभ्यासाच्या बाबतीत कोठे गेली, हे दोन प्रश्न मात्र त्यांच्या चरित्रात वारंवार उपस्थित होतात.

बालपण आणि शिक्षण

व्हॅल्व्हानो यांचा जन्म न्यू यॉर्क शहराच्या क्वीन्स भागात इटालियन वंशाच्या कुटुंबात झाला. त्यांचे वडील रॉको हे शालेय बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. त्यामुळे मैदान, संघ आणि पराभवानंतरची घरातील शांतता यांचा परिचय मुलाला लहानपणीच झाला. आपणही प्रशिक्षकच व्हायचे, हे त्यांनी किशोरवयात ठरवले होते. आयुष्यात काय काय मिळवायचे याची यादी त्यांनी एका कार्डावर लिहून ठेवली होती आणि तीत राष्ट्रीय अजिंक्यपदाचा समावेश होता.

वडिलांविषयीची एक आठवण ते नेहमी सांगत. एक दिवस आपण राष्ट्रीय विजेतेपद जिंकणार, असे त्यांनी वडिलांना सांगितले. त्यानंतर काही दिवसांनी वडिलांनी त्यांना खोलीच्या कोपऱ्यात भरून ठेवलेली एक बॅग दाखवली. मुलगा अंतिम सामना खेळवील तेव्हा आपण तेथे असणार, म्हणून सामान आताच बांधले आहे, असा त्याचा अर्थ होता. वडिलांनी आपल्यावर विश्वास ठेवला, ही त्यांनी दिलेली सर्वांत मोठी देणगी होय, असे व्हॅल्व्हानो मानत.

रटगर्स विद्यापीठातून त्यांनी १९६७ साली इंग्रजी विषयात पदवी घेतली. तेथे ते संघातील गार्ड होते. त्या वर्षी रटगर्सच्या संघाने न्यू यॉर्कमधील राष्ट्रीय निमंत्रितांच्या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. त्याच संघातील बॉब लॉइड हे त्यांचे वसतिगृहातील सोबती होते. ही मैत्री अखेरपर्यंत टिकली.

प्रशिक्षकपदाची सुरुवात

पदवीनंतर रटगर्समध्येच प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पहिल्या सामन्यापूर्वीचा प्रसंग ते स्वतःच हसत हसत सांगत. अमेरिकन फुटबॉलचे विख्यात प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांनी आपल्या ग्रीन बे पॅकर्स संघाला केलेल्या एका भाषणाविषयी त्यांनी वाचले होते. कुटुंब, धर्म आणि संघ या तीनच गोष्टींवर लक्ष ठेवा, असा त्या भाषणाचा आशय होता. एकवीस वर्षांच्या व्हॅल्व्हानो यांनी ते जसेच्या तसे पाठ केले, आवेशाने खेळाडूंसमोर म्हटले, आणि शेवटी रटगर्सऐवजी पॅकर्सचेच नाव घेतले. व्हॅल्व्हानो हे गोष्टी रंगवून सांगण्यात वाकबगार होते, त्यामुळे या कथेत थोडी भर पडली असणे शक्य आहे. उसन्या शब्दांनी खेळाडू पेटत नाहीत, हे मात्र त्यांना त्या वयात उमगले असावे, कारण पुढील काळातील त्यांची भाषणे पूर्णपणे त्यांची स्वतःची होती.

त्यानंतर जॉन्स हॉपकिन्स येथे एक वर्ष मुख्य प्रशिक्षक, कनेटिकट येथे दोन वर्षे साहाय्यक आणि बकनेल येथे तीन वर्षे मुख्य प्रशिक्षक अशी त्यांची वाटचाल झाली. बकनेलमध्ये विजयांपेक्षा पराभवच अधिक पदरी पडले. १९७५ साली ते न्यू यॉर्क राज्यातील आयोना महाविद्यालयात आले आणि तेथे त्यांचे नाव झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर आयोनाने लुईव्हिल संघाचा १७ गुणांनी पराभव केला. त्याच लुईव्हिलने पुढे त्या वर्षीचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. याच वर्षी व्हॅल्व्हानो नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे प्रशिक्षक झाले.

१९८३ चा हंगाम

रॅली शहरातील या विद्यापीठाने १९७४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते, त्यामुळे अपेक्षा मोठ्या होत्या. शेजारच्या चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने डीन स्मिथ यांच्या मार्गदर्शनाखाली १९८२ चे विजेतेपद पटकावलेले होते आणि त्यांच्याकडे तरुण मायकेल जॉर्डन होता. स्टेटकडे डेरेक व्हिटनबर्ग, सिडनी लो आणि थर्ल बेली हे अखेरच्या वर्षातील तीन अनुभवी खेळाडू होते. जानेवारीत व्हर्जिनियाविरुद्ध खेळताना व्हिटनबर्गच्या पायाचे हाड मोडले आणि हंगाम संपल्यात जमा झाला. तो अपेक्षेपेक्षा लवकर परतला, परंतु नियमित सामने संपले तेव्हा संघाचे १७ विजय आणि १० पराभव झाले होते. राष्ट्रीय स्पर्धेत निश्चित प्रवेश हवा असेल तर अटलांटिक कोस्ट परिषदेची स्पर्धा जिंकणे हाच मार्ग उरला होता.

त्या स्पर्धेत स्टेटने वेक फॉरेस्टला एका गुणाने, जॉर्डनच्या नॉर्थ कॅरोलायनाला जादा वेळेत आणि अंतिम सामन्यात राल्फ सॅम्पसनच्या व्हर्जिनियाला ८१-७८ असे हरवले. राष्ट्रीय स्पर्धा बाद पद्धतीची असते, एक पराभव म्हणजे घरचा रस्ता. पहिल्याच फेरीत पेपरडाइनविरुद्ध दोन वेळा जादा वेळ खेळून स्टेटने ६९-६७ असा विजय मिळवला. पुढे नेवाडा-लास व्हेगासवर एका गुणाने, युटावर सहज, व्हर्जिनियावर पुन्हा एका गुणाने आणि उपांत्य सामन्यात जॉर्जियावर मात करून हा संघ अंतिम फेरीत पोहोचला.

या विजयांचे श्रेय बहुतेक लेखनात संघाच्या अदम्य इच्छाशक्तीला दिले जाते. ते अपुरे आहे. त्या काळी राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक वेळात चेंडू फेकण्याचे बंधन नव्हते, म्हणून आघाडीवर असलेला संघ चेंडू स्वतःकडे ठेवून वेळ काढू शकत असे. व्हॅल्व्हानो पिछाडीवर असताना खेळाडूंना मुद्दाम फाउल करायला सांगत. फाउलची मर्यादा ओलांडल्यावर प्रतिस्पर्ध्याला एक फ्री थ्रो मिळे आणि तो यशस्वी झाला तरच दुसरा. पहिलाच चुकला की चेंडू पुन्हा मिळवण्याची संधी येई. थकलेल्या, दडपणाखालील खेळाडूच्या हातून फ्री थ्रो चुकतो, हा त्यामागचा हिशेब होता. हा डाव साधण्यासाठी आपण अजून हरलेलो नाही यावर पाचही खेळाडूंचा विश्वास असावा लागतो. व्हॅल्व्हानो यांचे खरे कसब येथे होते. हिशेब त्यांचा असे आणि विश्वासही तेच पुरवत.

अंतिम सामना ४ एप्रिल, १९८३ रोजी न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की येथे झाला. प्रतिस्पर्धी ह्यूस्टन विद्यापीठाचा संघ सलग २६ सामने जिंकून आला होता आणि त्यात हकीम ओलाजुवान व क्लाइड ड्रेक्सलर हे पुढे जगद्विख्यात झालेले खेळाडू होते. आपण चेंडू रोखून संथ खेळणार, असा समज व्हॅल्व्हानो यांनी वार्ताहरांचा करून दिला आणि प्रत्यक्षात संघाला आक्रमक खेळण्यास सांगितले. मध्यंतराला स्टेट ३३-२५ असा आघाडीवर होता. उत्तरार्धात ह्यूस्टनने आघाडी घेतली, पण नंतर खेळाचा वेग कमी केला आणि स्टेटला फाउलचे शस्त्र वापरता आले. ह्यूस्टनचे फ्री थ्रो चुकत गेले. ५२-५२ अशी बरोबरी असताना अखेरच्या क्षणी व्हिटनबर्गने दुरून फेकलेला चेंडू आखूड पडला. बास्केटजवळ उभ्या असलेल्या लोरेन्झो चार्ल्सने तो हवेतच पकडून आत घातला. सामना ५४-५२ असा संपला. कोणाला मिठी मारावी हे न सुचून मैदानभर धावणारे व्हॅल्व्हानो हे दृश्य अमेरिकी क्रीडा-दूरचित्रवाणीवर आजही दाखवले जाते.

विजेत्या संघाने शिडीवर चढून कात्रीने बास्केटची जाळी कापून न्यावी, अशी अमेरिकेत प्रथा आहे. व्हॅल्व्हानो दरवर्षी सरावाचा एक दिवस केवळ ही जाळी कापण्यासाठी राखून ठेवत. त्या दिवशी चेंडूला हात लावायचा नाही, फक्त जाळी कापून जल्लोष करायचा. खेळाडूंना सुरुवातीला हा पोरखेळ वाटे.

चौकशी आणि राजीनामा

१९८५ व १९८६ मध्ये स्टेटचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या आठ संघांत होता आणि १९८७ मध्ये त्याने पुन्हा परिषदेचे विजेतेपद मिळवले. १९८६ पासून व्हॅल्व्हानो विद्यापीठाचे क्रीडासंचालकही होते. व्याख्याने, जाहिराती आणि दूरचित्रवाणी यांत त्यांचा बराच वेळ जाऊ लागला. १९८९ साली पीटर गोलेनबॉक यांच्या पुस्तकात संघाच्या कारभारावर गंभीर आरोप झाले. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या चौकशीत खेळाडूंनी मोफत मिळालेले बूट आणि तिकिटे विकल्याचे निष्पन्न झाले. संघाला दोन वर्षे देखरेखीखाली ठेवण्यात आले आणि १९९० च्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळण्यास मनाई झाली. व्हॅल्व्हानो यांच्यावर वैयक्तिक गैरव्यवहार सिद्ध झाला नाही. मात्र विद्यापीठ व्यवस्थेने नेमलेल्या समितीने शैक्षणिक नियमांच्या आशयाचा भंग झाल्याचा ठपका ठेवला. अभ्यासात कच्च्या असलेल्या मुलांना संघासाठी प्रवेश मिळाला आणि त्यांना पदवीपर्यंत नेण्याची पुरेशी काळजी घेतली गेली नाही, हा त्यातील खरा दोष होता. ज्या माणसाच्या एका शब्दावर मुले मैदानात जिवाचे रान करीत, त्याने वर्गातील हजेरीसाठी तोच शब्द खर्च केला असता तर चित्र वेगळे दिसले असते. त्यांनी प्रथम क्रीडासंचालकपद सोडले आणि एप्रिल १९९० मध्ये प्रशिक्षकपदाचाही राजीनामा दिला.

आजारपण आणि निधन

यानंतर ते ईएसपीएन व एबीसी या वाहिन्यांवर समालोचन करू लागले आणि तेथेही लोकप्रिय झाले. १९९२ च्या उन्हाळ्यात त्यांना कर्करोग झाल्याचे आढळले. तो हाडांपर्यंत पसरला होता. ४ मार्च, १९९३ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर पहिल्या ईएसपीवाय सोहळ्यात त्यांना टेनिसपटू आर्थर ॲश यांच्या नावाचा धैर्य पुरस्कार देण्यात आला. ॲश यांचे निधन त्याआधी महिनाभरापूर्वीच झाले होते. व्यासपीठावर चढण्यासाठी त्यांना आधार घ्यावा लागला. वेळ संपत आल्याची सूचना पडद्यावर दिसताच त्यांनी तिची थट्टा केली आणि बोलणे चालू ठेवले. लोम्बार्डींच्या भाषणाची जुनी फजिती त्यांनी तेथेही सांगितली. दररोज हसावे, विचार करावा आणि भावनेने डोळे ओलावावेत, असे त्यांनी श्रोत्यांना सुचवले. कर्करोग संशोधनासाठी निधी उभारणाऱ्या व्ही फाउंडेशन या संस्थेची घोषणाही त्यांनी तेव्हाच केली. आठ आठवड्यांच्या आत, २८ एप्रिल रोजी, डरॅम येथील ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे पत्नी पॅम आणि तीन मुली होत्या. रॅली येथील ओकवुड दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

रटगर्समधील सोबती बॉब लॉइड यांनी पुढे व्ही फाउंडेशनचे अध्यक्षपद सांभाळले. संस्थेने संशोधनासाठी आजवर कोट्यवधी डॉलरचे अनुदान दिले आहे. १९९५ पासून त्यांच्या नावाने महाविद्यालयीन सामने भरवले जातात. १९८३ च्या संघावर जोनाथन हॉक यांनी दिग्दर्शित केलेला माहितीपट २०१३ साली प्रदर्शित झाला. विजयी बास्केट करणारे लोरेन्झो चार्ल्स त्यापूर्वीच, २०११ मध्ये, बस अपघातात मरण पावले होते. २०१८ साली विद्यापीठाने रेनॉल्ड्स कोलिझियममधील मैदानाला व्हॅल्व्हानो यांचे नाव दिले. बास्केटबॉलच्या नेस्मिथ स्मारक गौरवदालनात त्यांचा समावेश २०२३ मध्ये, मृत्यूनंतर तीस वर्षांनी झाला.