विश्लेषण : सवय मेंदूत कशी रुजते? संमोहनाने ती सुटते का?

विल्यम जेम्स यांनी १८६९ मध्ये हार्वर्डमधून वैद्यकीय पदवी घेतली, पण दवाखाना कधीच थाटला नाही. पाठदुखी, डोळ्यांचा त्रास आणि त्यात नैराश्य इतके, की जगणे नकोसे झालेले. शरीर हे निव्वळ यंत्र असेल तर माणसाच्या इच्छेला अर्थ काय, या प्रश्नाने त्यांना घेरले होते. एप्रिल १८७० मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ शार्ल रनुव्हिए यांचे लेखन वाचून त्यांनी ठरवले, की इच्छास्वातंत्र्य आहे असे मानूनच वागायचे आणि रोजच्या छोट्या कृतींना शिस्त लावायची. नैराश्य लगेच पळाले नाही. १८७३ मध्ये हार्वर्डमध्ये शिकवू लागल्यावर हळूहळू घडी बसली.

मेंदूतील पायवाट

१८७८ मध्ये त्यांनी मानसशास्त्राच्या पुस्तकाचा करार केला. दोन वर्षांचे काम बारा वर्षे लांबले. ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’चे दोन खंड १८९० मध्ये निघाले. (सवयीवर लिहिणाऱ्यालाही वेळ पाळणे जमले नाही!) त्यात सवयीवर स्वतंत्र प्रकरण आहे. मज्जासंस्था घडवता येते; संदेश एका वाटेने गेला, की पुढच्या वेळी तीच वाट सोपी होते. म्हणूनच सरावलेला दुचाकीस्वार गप्पा मारत गियर बदलतो. सवयी पक्क्या होण्यात मेंदूच्या खोल भागातील ‘बेसल गँग्लिया’चा मोठा वाटा असतो, हे पुढे संशोधनातून दिसले. नवी सवय रुजेपर्यंत एकदाही सवलत घेऊ नये, यावर जेम्स यांचा विशेष भर होता.

संमोहनाचे काय?

याच ग्रंथात संमोहनावरही प्रकरण आहे. तेव्हा पॅरिसचे शार्को संमोहनाला हिस्टेरियाशी जोडत, तर नान्सीचे लिबो आणि बर्नहाइम त्याचे सारे श्रेय सूचनेला देत. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांवर स्वतः प्रयोग केलेले जेम्स नान्सीच्या बाजूने झुकले. मात्र सूचना प्रभावी ठरायला आधी संमोहित अवस्था हवी, अशी जोड त्यांनी दिली. संमोहकाच्या अंगातून चुंबकीय द्रव वाहतो, ही जुनी समजूत त्यांनी नाकारली.

२६ ऑगस्ट १९१० रोजी न्यू हॅम्पशायरमधील चोकोरुआ येथे त्यांचे निधन झाले. आज वेदना आणि चिंता कमी करण्यासाठी प्रशिक्षित तज्ज्ञ संमोहन वापरतात. सिगारेट सोडवण्यात मात्र ते इतर उपायांपेक्षा सरस आहे, असा ठोस पुरावा अद्याप मिळालेला नाही.