बारशाचं जेवण

गेल्या उन्हाळ्यात बहिणीच्या नातीचं बारसं होतं, अकोल्याला. मी अमरावतीहून दोन दिवस आधीच जाऊन बसले. लाडू वळायचे, पाळणा सजवायचा, कामं काय कमी असतात? रात्री ओटा आवरून बाहेर आले तर भाचा डायनिंग टेबलाशी बसलेला. पुढ्यात औषधाचा ड्रॉपर, मिलिलिटरच्या खुणांचा छोटा ग्लास आणि वही. मला वाटलं, बाळाचं औषध मोजतोय. जवळ गेले तर चार बाटल्या! चारही व्हिस्कीच्या.

भाचा पुण्याला नोकरीला असतो. पोरगा गुणी, पिणंही बेतानं. मी रागावले नाही हे पाहून त्याला समजावून सांगायचा उत्साह चढला. जवाला मोड आणून वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. त्यापासून काढलेली दारू ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवतात. स्कॉटलंडात निदान तीन वर्षं तरी मुरवावीच लागते, तसा तिथला कायदाच आहे. एकाच भट्टीतली ती सिंगल माल्ट. याचा छंद म्हणजे वेगवेगळ्या भट्ट्यांच्या माल्ट घरीच मोजून एकत्र करायच्या, काही आठवडे बाटलीत राहू द्यायच्या आणि जमलेलं प्रमाण वहीत लिहून ठेवायचं. एका बाटलीचा वास थेट आपल्या चुलीच्या धुरासारखा होता. ती थेंबानंच घालायची म्हणे, नाहीतर बाकीच्या तिघींना दाबून टाकते. मला आपली मसाल्यातली लवंग आठवली. खोटं कशाला बोलू, ऐकताना मजा वाटत होती.

मग त्याने पुण्याहून आधीच जमवून, मुरवून आणलेली बाटली दाखवली. बारशाच्या रात्री मित्र आणि पाहुण्यांसाठी. बाटलीवर सुंदर लेबल लावलं होतं आणि त्यावर लेकीचं नाव. अजून पाळण्यात घालून कानात सांगायचं होतं ते नाव, आधी बाटलीवर चढलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. येताना गाडी मूर्तिजापूरला थांबली होती, तेव्हा खिडकीतून हात जोडले होते. त्याच तालुक्यातल्या दापुऱ्यात शंभरावर वर्षांपूर्वी झालेलं एक बारसं मला आठवत राहिलं. बारसं गाडगेबाबांच्या लेकीचं.

मैत्रिणींनो, गाडगेबाबा म्हटलं की आपल्याला खराटा आठवतो, ग्रामस्वच्छता अभियान आठवतं. पण बाबांच्या आयुष्याची सुरुवात दारूनं उजाडलेल्या एका घरातून झाली, हे आपण विसरतो. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ ला त्यांचा जन्म झाला. घर परिटाचं, नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले. घरचं होतं नव्हतं ते गेलं आणि शेवटी त्या दारूनंच त्यांचा जीव घेतला. डेबू तेव्हा लहान होता. आई सखूबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. भावाच्या दारात लेकरू घेऊन परत यायचं म्हणजे काय असतं, ते आपल्यापैकी कितीजणींनी जवळून पाहिलं असेल.

मामाकडे डेबूनं गुरं राखली, नांगर धरला. बघता बघता तो पंचक्रोशीत नावाजलेला शेतकरी झाला. पुढे मामाची जमीन सावकाराच्या पाशात सापडली. एका घराला दारूनं बुडवलं, दुसऱ्याला कर्जानं. ही दोन्ही संकटं डेबूजीनं अंगावर सोसली होती. म्हणूनच पुढे कीर्तनात ते दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका असं सांगत, तेव्हा ते लोकांच्या काळजात उतरायचं.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झालं. पहिली लेक झाली, आलोका. बारशाला भाऊबंदांना मटणाचं आणि दारूचं जेवण घालायची तेव्हा रीत होती. ऐपत नसली तर कर्ज काढून घालायचं, पण घालायचंच. डेबूजीनं पंगत बसवली आणि पानात गोडाधोडाचं वाढलं. दारूचा थेंब नाही. भाऊबंद रागावले, नावं ठेवली. आपल्या समाजात भाऊबंदांची नाराजी ओढवून घेणं किती अवघड असतं! तेव्हा ते कुणी बाबा नव्हते, संत नव्हते. एका दारूड्या बापाचा मुलगा, मामाच्या गावात राहणारा. तरीही लेकीच्या पहिल्या पंगतीला त्यांनी दारू येऊ दिली नाही.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांचा झगा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच, हातात खराटा आणि गाडगं. गावात शिरले की आधी झाडायचं, मग रात्री कीर्तन. पूर्णेकाठी ऋणमोचनला त्यांनी घाट बांधला, पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली. लोकांनी दिलेल्या पैशातून कितीतरी इमारती उभ्या राहिल्या, पण बायकोमुलांना त्यातलं काही मिळू दिलं नाही. बाई म्हणून मला कुंताबाईंचा विचार आल्याशिवाय राहत नाही. नवरा जगाचा झाला आणि घर तिच्या एकटीच्या डोक्यावर आलं. संताच्या चरित्रात तिच्या वाट्याला दोन ओळी येतात, याची खंत वाटते.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे येताना, वलगावजवळ पेढी नदीपाशी बाबांनी प्राण सोडला. अमरावतीत गाडगेनगरला त्यांची समाधी आहे. आज आपलं विद्यापीठही त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

सकाळी चहा घेताना मी भाच्याला आलोकाच्या बारशाची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला की ती हातभट्टीची गोष्ट, गरिबांचे संसार बुडवणारी. आपलं तसं नाही, हा छंद आहे, आणि परवानाही आहे. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. चार बाटल्यांनी त्याचं घर बुडणार नव्हतं.

पण मी त्याला एवढंच विचारलं की पंगतीत कोण कोण बसणार? आमच्या नात्यातला एक जण सात महिन्यांपासून सुटला होता. त्याच्या बायकोनं किती उपास धरले, किती रात्री दाराशी बसून काढल्या, ते मला ठाऊक. तीही येणार होती बारशाला, नवऱ्याला सोबत घेऊन, हौसेनं नवी साडी नेसून. ज्याच्यापुढे ग्लास ठेवायचा नाही असा एक जण प्रत्येक पंगतीत असतो. आणि तो कोण, हे यजमानाला बहुतेक माहीतच नसतं. पिंपात किती वर्षं मुरली आणि कुठल्या देशातून आली, याच्याशी त्या बाईला काय करायचं?

भाचा काही बोलला नाही. बारशाला पुरी-भाजी, मठ्ठा आणि आम्ही वळलेले लाडू होते. बायका रात्रभर पाळणे म्हणत बसल्या. ती नव्या साडीतली बाई सगळ्यांत जास्त हसत होती.

बाटली त्यानं परत पुण्याला नेली. त्याचा छंद सुटला असं मी म्हणणार नाही, आणि तसं मी सांगितलंही नाही. निघताना बॅग भरायला मदत केली, तेव्हा बाटली कपड्यांत गुंडाळलेली दिसली. तिच्यावर लेबल नव्हतं. लेकीचं नाव त्यानं काढून घेतलं होतं.