दोऱ्यावर जमलेले स्फटिक

वाशी-नेरूळमधील प्रयोगशाळेत सकाळी रक्त दिले की युरिक ॲसिडचा आकडा बहुधा त्याच दिवशी हाती येतो. हा आकडा आणि पायाच्या अंगठ्याची ठणक यांचे नाते रक्त तपासून दाखवून दिले ते आल्फ्रेड बेअरिंग गॅरॉड या इंग्रज डॉक्टरांनी.

गॅरॉड यांचा जन्म १८१९ मध्ये इप्सविच येथे झाला. लंडनमध्ये वैद्यक शिकून ते युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात रुजू झाले. त्यांचा ओढा रसायनशास्त्राकडे होता. गाऊट तेव्हा श्रीमंतांचा, चमचमीत खाणाऱ्या-पिणाऱ्यांचा आजार मानला जाई. मध्यरात्री अंगठा लालबुंद होऊन सुजे आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नसे. जुन्या रुग्णांच्या सांध्यांवर, कानाच्या कडेवर खडूसारख्या गाठी येत. त्यांत युरिक ॲसिड असते, हे वोलॅस्टन यांनी १७९७ मध्येच दाखवले होते. पण या गाठी म्हणजे आजाराने मागे ठेवलेला गाळ, की आजाराचे मूळ? याचे उत्तर मिळत नव्हते.

गॅरॉड यांनी ते रक्तात शोधले. गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेले असते, हे त्यांनी १८४८ मध्ये, तिशीही ओलांडलेली नसताना मांडले. पुढे त्यांनी एक साधी चाचणी बसवली. उथळ काचपात्रात रक्तातील द्रव घ्यायचा, त्यात थोडे ॲसिटिक आम्ल घालून तागाचा धागा सोडायचा आणि दीड-दोन दिवस थांबायचे. युरिक ॲसिड जास्त असेल तर धाग्यावर स्फटिक जमत.

१८५९ च्या ग्रंथात त्यांनी ठामपणे लिहिले, की सांध्यात साठलेले युरेट हे दाहाचे कारण आहे, परिणाम नव्हे. त्यांचे सारेच खरे ठरले नाही. गाऊटवर त्यांनी सुचवलेले लिथियम टिकले नाही. १९०७ मध्ये ते वारले, तोवर स्फटिकांचा मुद्दाही मागे पडू लागला होता.

तो पुन्हा वर आला १९६१ मध्ये. अमेरिकेत मॅकार्टी आणि हॉलंडर यांना रुग्णांच्या सांध्यातील पाण्यात सुईसारखे स्फटिक दिसले. पुढच्याच वर्षी मॅकार्टी आणि त्यांचे सहकारी फेअर्स यांनी ते स्वतःच्या गुडघ्यांत टोचून घेतले. काही तासांतच गुडघे ठणकू लागले. गॅरॉड बरोबर होते.

हे स्फटिक ठणक कशी उठवतात, तेही आता कळले आहे. सांध्यातील भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हा धोक्याचा संदेश सोडतात. त्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर चिकट होते. रक्तातून वाहणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे अडखळतात, चिकटतात आणि भिंतीतून सांध्यात शिरतात. त्यांच्या गर्दीने सूज चढते. कोल्चिसिन हे जुने औषध या चिकटण्यातच अडथळा आणते.

झटका काही दिवसांत ओसरतो, स्फटिक मात्र सांध्यातच राहतात. म्हणून डॉक्टरांनी युरिक ॲसिड कमी ठेवणारे औषध सुरू केले असेल, तर दुखणे थांबले म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये. कारण आणि परिणाम यांतला गॅरॉड यांनी दाखवलेला फरक रुग्णाच्या कामी येतो तो इथेच.